शिवदाऱ्यातला कापूस

"दात दातावर ठेव, नीला. वटीवर माणसं बसल्यात."

हा तिच्या आईचा आवाज, चंद्रभागाबाईचा. उमापूरच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत नीलाबाई पहिल्या बाळंतपणाच्या कळा सोसत होती. आई एका हातानं तिच्या कपाळावरचा घाम टिपत होती, दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तिच्या तोंडाशी धरत होती, आणि मधून मधून, जणू जात्यावरच बसलीय अशी, पुटपुटत होती:

दुखण्याचं जातं बाई, जीव माझा दळू दळू
वटीवर बसलेल्या, माणसाला नको कळू

रवि जन्मला तेव्हा वटीवर, बाहेरच्या ओसरीवर, बसलेल्या माणसांना कळलं ते पोराच्या रडण्यानं. बाळंतिणीचा हूं की चूं कुणी ऐकला नाही. ही गोष्ट उमापुरातून निघाली आणि नीलाबाईच्या आधी दिंद्रुडला, तिच्या सासरी जाऊन पोचली. मन्मथप्पाची बायको म्हणजे सोसणारी, पोर झालं तरी शेजारणीला पत्ता नाही, असं लग्नाकार्यात बायका एकमेकींना सांगायच्या आणि नीलाबाई मान खाली घालून हसायची. एखादा दागिना मिळावा तसं ते नाव तिला मिळालं होतं. दागिना निदान काढून तरी ठेवता येतो.

आता ती पन्नाशी ओलांडून गेली होती, आणि त्या नावानं तिला जीव नकोसा केला होता.

दोन वर्षांमागं तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मोठ्या शहराला नेऊन ऑपरेशन झालं. छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, मग ती कडक औषधं झाली. केस गेले, केस आले. रोग गेला. दर तपासणीला डॉक्टर मान डोलवायचे, म्हणायचे, छान आहे. गेला नाही तो व्रण. छातीच्या मधोमध सुरू होऊन काखेत शिरणारी ती आडवी रेघ. तिथली चामडी बरगडीला चिकटून बसली होती, तव्याला भाकरी चिकटावी तशी, आणि त्या चिकटलेल्या जागी आग होती. पदर घासला की आग. एसटीचा गचका बसला की आग. पीठ मळताना, केस विंचरताना, कुणी मायेनं जवळ घेतलं तरी आग. कधी विस्तवाचा खडा ठेवल्यासारखी, कधी लाल मुंग्यांची रांग निघाल्यासारखी. जिथं काही उरलंच नाही तिथं दुखत होतं, हे कुणाला सांगणार?

आणि सांगायचं तरी कसं? डॉक्टरांनी 'काही त्रास?' म्हणायचा अवकाश, मन्मथप्पा खुर्चीच्या कडेला सरकून म्हणायचा, "न्हाई सायेब. लई बरं हाय."

तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. दिंद्रुडच्या बाजारपेठेत त्याचं किराणा दुकान. गिऱ्हाइकानं 'सा' म्हणताच साबण पुढं ठेवायची त्याला तीस वर्षांची सवय. आता दुकानाच्या दारावर शाम्पूच्या पुड्यांची आणि चिप्सच्या पाकिटांची तोरणं लोंबत होती, रविनं कोपऱ्यात नाणं टाकायचा फोन बसवला होता, परदेशी थंड पेयाचा फ्रीज घरघरत होता. पण मन्मथप्पाचं तसंच, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. दवाखान्यात तो तिच्यासाठी जिन्यात झोपला होता. तिला भात भरवला होता. तिचे केस गेले तेव्हा स्वतःचंही डोकं भादरून आला होता, नाभिकानं कारण विचारलं तर म्हणाला होता, उकडतंय. एवढं केलेल्या माणसाला 'अवो, अजून दुखतंय' म्हणणं म्हणजे त्यानं आणलेलं लुगडं त्याच्या तोंडावर परत टाकणं. म्हणून तो 'लई बरं हाय' म्हणायचा, डॉक्टर पुढचा पेशंट बोलवायचे, आणि नीलाबाई पदर सावरून उठायची. मनात मात्र चडफडायची. दुखणं हिचं, जीभ त्याची.

दुखण्याहून जड एक गोष्ट होती, ती कुणालाच ठाऊक नव्हती.

लिंगायत वाण्याचं घर. जन्मल्यावर काही दिवसांतच गळ्यात लिंग येतं आणि मातीत जाईपर्यंत ते देहापासून वेगळं होत नाही. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेलं, शिवदाऱ्याला, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्याला, बांधलेलं, छातीच्या मधोमध टेकलेलं. ते अंगावर नसेल तर घास तोंडात घालायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मन्मथप्पा या बाबतीत इतका कडक की ऑपरेशनच्या दिवशी त्यानं डॉक्टरांशी वाद घातला होता. नर्स म्हणाली गळ्यात काही चालणार नाही. हा म्हणाला मग ऑपरेशनबी चालणार न्हाई. शेवटी लिंग नीलाबाईच्या उजव्या मनगटाला पट्टीनं बांधून तिला आत नेलं. ती गोष्ट तो अजून दुकानात रंगवून सांगायचा.

पण घरी आल्यावर लिंग पुन्हा गळ्यात आलं आणि नेमकं त्या रेघेच्या तोंडाशी, जिथं सर्वांत जास्त आग होती तिथंच टेकलं. सुपारीएवढं लिंग, पण श्वास घेतला की टोचायचं, वाकली की झुलून आपटायचं. चार दिवस तिनं काढले. पाचव्या दिवशी ती नणंदेपाशी, सरस्वतीबाईपाशी एवढंच म्हणाली की लिंग जरा टोचतंय, दंडाला बांधलं तर चालंल का. सरस्वतीबाई म्हणजे मन्मथप्पाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून इथंच राहायची. अंगानं भरदार, तोंडानं त्याहून भरदार.

"कावून वैनी," ती म्हणाली, "शिवाचं वझं वाटाय लागलं का?"

झालं. त्यावर पुन्हा बोलायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर नीलाबाईनं लिंग तळहातावरनं उचललं, वस्त्रात गुंडाळलं, आणि शिवदाऱ्याला न बांधता देवळीतल्या जुन्या पितळी करंड्यात ठेवलं. शिवदाऱ्याला बांधली ती कापसाची गाठ, वरून तसंच पांढरं वस्त्र. पिसासारखी हलकी. पहिल्यांदा तिला दोन वेळा पोटभर श्वास घेता आला, आणि मग न्याहारीची भाकरी समोर आली.

तिनं भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून ती रोज खात होती.

रोज सकाळी ती लिंग हातावर घ्यायची, भस्म लावायची, बेलपान वाहायची आणि करंड्यात ठेवताना रांगत्या लेकराला सांगावं तसं हळू म्हणायची, जरा हितंच बस रं बाबा. मग दिवसभर गळ्यातल्या कापसाला हात लागला की चोरी पकडल्यासारखी दचकायची.

सुनेनं, अपेक्षानं, अर्धंच ओळखलं. एकदा वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढताना नीलाबाईचा हात काखेतून ओढला गेला, डबा खाली आला आणि स्वयंपाकघरभर रवा झाला. ती रव्यात बसून पदर दातात धरून राहिली. अपेक्षा लातूरची, कॉलेजात शिकलेली. तिनं सासूला उठवलं नाही, समोर बसली आणि विचारत राहिली. नीलाबाईनं कसंबसं सांगितलं: काखेत जरा ओढतं. काखेचं सांगायला लाज नव्हती आणि धोकाही नव्हता. छातीच्या मधलं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न लिंगाचा आला असता.

अपेक्षाची बहीण औरंगाबादला नर्स होती. तिच्याकडून कळलं की तिथं विजयमाला नावाच्या प्लास्टिक सर्जन आहेत, जळलेल्या माणसांचे व्रण सोडवतात आणि अलीकडं एक नवीन उपाय करतात. पोटाची थोडी चरबी नळीनं काढायची आणि बारीक सुईनं दुखऱ्या व्रणाखाली भरायची. अपेक्षानं हे रात्रीच्या जेवणाला सगळ्यांपुढं सांगितलं. तिथंच चुकलं.

"चरबी?" मन्मथप्पाचा घास हातातच राहिला.

या घरात अंडं येत नव्हतं. मागं कधीतरी वनस्पती तुपात चरबी असल्याची आवई उठली होती तेव्हा मन्मथप्पानं दुकानातले सगळे डबे घरामागं खड्डा खणून पुरले होते आणि वर तुळस लावली होती. त्या घरात सून चरबी भरा म्हणत होती. सरस्वतीबाईनं विचारलं, कशाची? म्हशीची का आणखी कशाची? मग तिनं कानावर हात ठेवून आपण हे ऐकलंच नाही असं जाहीर केलं आणि जेवण संपेपर्यंत त्यावरच बोलत राहिली. अपेक्षा पुन्हा पुन्हा सांगत होती की चरबी आईंचीच, त्यांच्याच पोटाची, दुसऱ्या कशाची नाही. रवि म्हणाला, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो तसा सुईवर असतो का ते विचार. त्याला विनोद करायचा होता. बापानं तो खरा धरला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फोनवरून औरंगाबादला विचारून घेतलं.

चरबी स्वतःचीच, हे पटायला आठवडा गेला. पटल्यावर नवंच सुरू झालं. नीलाबाई वाळक्या शेंगेसारखी. हिच्या पोटावर चरबी कुठली? सरस्वतीबाईच्या मनात आता दया दाटून आली. तिनं पदराआडून आपलं पोट थोपटलं आणि सांगितलं की माझी घ्या, हवी तेवढी घ्या, भावजयीसाठी एवढं केलं तर काय बिघडलं. अपेक्षा म्हणाली, आत्या, तसं चालत नाही, दुसऱ्याची अंगी लागत नाही. सरस्वतीबाईला ते फार लागलं. आपली चरबी नाकारली म्हणून ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि घराला तेवढीच विश्रांती मिळाली.

मग नीलाबाईला पोसायला सुरुवात झाली. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, दुधात भिजवलेले खारीक-बदाम, रात्री पुन्हा लोणी लावून भाकरी. मन्मथप्पा दुकानातून वर येऊन बघून जायचा, ताट रिकामं झालं का. कुणी गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायचा, घरात इलाज चालू हाय. शेजारणी येऊन तिच्या दंडाला चिमटा काढून अंदाज घ्यायच्या. नीलाबाईला वाटायचं आपण बैलपोळ्याचा बैल झालोय. नुसती झूल घालायची बाकी आहे. आणि प्रत्येक लाडवाबरोबर गळ्यातला कापूस जड व्हायचा. लिंगाशिवाय खाल्लेला एक एक घास चरबी होऊन पोटावर साठत होता आणि तीच चरबी आता व्रणात जाणार होती. हे असलं काही मनात आलं की ती ताट सरकवायची, आणि मन्मथप्पा ते पुन्हा पुढं सरकवायचा.

अपेक्षाला बरोबर घेऊन नवरा-बायको जीपनं औरंगाबादला गेले. विजयमाला मॅडम चाळिशीच्या, बारीक, आवाज मऊ. त्यांनी सगळे जुने रिपोर्ट बघितले, रोग परत आलेला नाही याची खात्री करून घेतली, आणि सांगितलं की हा उपाय नवा आहे, परदेशात काही डॉक्टरांनी करून बघितलाय, हमी देत नाही. भरलेली चरबी थोडी शरीरात जिरते, थोडी टिकते. टिकली तर चिकटलेली चामडी सुटी होते, खाली मऊ गादी तयार होते, ओढली गेलेली नस मोकळी होते.

नीलाबाईला हे चटकन कळलं. धपाटं तव्याला चिकटलं की कडेनं तेल सोडतात आणि मग ते आपोआप सुटतं. ती तसं म्हणालीही, आणि मॅडम हसल्या. आपलं दुखणं कुणाला तरी कळलं, असं दोन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं.

मग मॅडमनी मन्मथप्पाला बाहेर बसायला सांगितलं. तो बाहेर गेला आणि दाराला फट ठेवून बसला. मॅडमनी पेन काढलं. म्हणाल्या, मी बोटानं दाबत जाते, दुखलं तिथं सांगा. मी गोल काढते. चरबी त्या गोलातच भरायची. जास्त ठिकाणी नाही भरता येत, तुमच्याकडे साठाच कमी आहे, म्हणून नीट सांगा.

काखेत बोट टेकलं आणि नीलाबाई म्हणाली, व्हय. दाराच्या फटीतून आवाज आला, "काखंतच मॅडम, ती बोलती कमी, पर काखंतच." मॅडमनी दार लावून घेतलं. दंडाच्या मुळाशी बोट टेकलं; व्हय. मग बोट रेघेवरून सरकत सरकत छातीच्या मधोमध आलं. तिथं कापसाची गाठ पडली होती. मॅडमनी ती हलकेच बाजूला केली. इतकी हलकी कशी, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण समोर अपेक्षा उभी होती, सासूचा पदर धरून, आणि तिला कळलं असतं. नीलाबाईनं गाठ चटकन मुठीत घेतली. बोट त्या जागी दाबलं गेलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"इथं?" मॅडमनी विचारलं.

दात दातावर बसले ते आपोआप. "न्हाई," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा दाबलं. पुन्हा न्हाई. मग त्यांनी काखेत आणि दंडाच्या मुळाशी निळे गोल काढले आणि पेनाला टोपण लावलं.

परत जाताना जीपमध्ये रागानं तिचे कान तापले होते. राग कुणावर, तर त्या 'न्हाई'वर. बोट जागेवर होतं, पेन उघडं होतं, दार लावलेलं होतं. आणखी काय हवं होतं बाईला?

ऑपरेशन छोटंच होतं. जाताना तिनं खरं लिंग करंड्यातून काढून घरूनच उजव्या मनगटाला बांधलं, गळा मोकळा ठेवला. मन्मथप्पानं ते बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. न सांगता केलं बघा, तो नर्सला म्हणाला, असं माणूस मिळाय नशीब लागतं. नीलाबाईला वाटलं जमीन फाटावी आणि आधी या माणसाची स्तुती तिच्यात जावी.

घरी आल्यावर लिंग पुन्हा करंड्यात गेलं आणि गळ्यात कापूस आला. पोट महिनाभर काळंनिळं राहिलं, मारल्यासारखं दुखलं. मग ते गेलं, आणि दिवाळीच्या आसपास एका सकाळी केस विंचरताना तिच्या लक्षात आलं की हात डोक्यावर गेलाय आणि आरामात राहिलाय. काखेत ओढत नव्हतं. तिनं तिथं बोट लावलं. चामडी मऊ, खाली सरकणारी, लेकराच्या गालासारखी. ती आरशापुढं बसून रडली. उपाय खरा होता. खरोखर खरा होता. आणि म्हणूनच तिचा संताप दुप्पट झाला, कारण छातीच्या मधली आग होती तिथंच होती. आधी सगळीकडं दुखायचं तेव्हा ती गर्दीत हरवून जायची. आता सगळे निघून गेले आणि ती एकटीच ओसरीवर बसून राहिली.

जो तो म्हणे बरं झालं, बरं झालं दारोदारी
एक ठिणगी राहिली, माझ्या चोळीच्या भीतरी

ही ओवी तिची तिनंच रचली, भांडी घासताना. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण घरात आनंद चालला होता. मन्मथप्पा गिऱ्हाइकांना साखरेबरोबर बायकोच्या काखेची हकिगत देत होता. "हात वर जातोय आता, सरळ वर," असं म्हणून तो स्वतःचा हात छताला लावून दाखवायचा. सरस्वतीबाई सांगायची की तिनं शिवरात्रीला बोललेला नवस फळला. पुढच्या सोमवारी जंगमांना, म्हणजे स्वामींना, जेवण घालायचं ठरलं. आणि मन्मथप्पानं मनाशी आणखी एक ठरवलं होतं.

शेवटच्या तपासणीला दोघंच एसटीनं गेले. उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, गचक्यावर गचके. औरंगाबादला उतरल्यावर तो तिला आधी सराफ्यात घेऊन गेला. दुकानदारानं गुलाबी कागद उलगडला. आत चांदीची डबी, लिंग ठेवायची, जाड पत्र्याची, वर बेलाचं पान कोरलेलं. तिनं हातात घेतली. चांगलीच जड होती.

"सोमवारी स्वामींच्या हातानं गळ्यात घालू," तो म्हणाला. म्हणताना तो लाजला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो तिच्यासमोर लाजल्याचं तिला आठवत नव्हतं. "लिंग तिच्यात ठिवायचं आन घालायचं. सगळ्यांसमोर."

सगळ्यांसमोर स्वामी शिवदारा सोडणार, वस्त्र उलगडणार, आणि आतून कापूस निघणार. किंवा त्याआधी ती लिंग परत बांधून ठेवणार, आणि मग ती डबी मरेपर्यंत त्या ठिणगीवर आपटत राहणार. यातलं एक निवडायचं होतं, आणि तोपर्यंत त्यानं रिक्षाला हात केला होता.

दवाखान्यात मॅडमनी काखेत बोट टेकवलं, हात वर करायला लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. कपडे नीट करून नीलाबाई खुर्चीत बसली. मन्मथप्पाला या वेळी आत घेतलं होतं. आनंदाच्या वेळी त्याला बाहेर ठेवायला मॅडमना बरं वाटलं नसावं. त्यानं डबी काढून टेबलावर ठेवली, मॅडमनी तिचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, साधारण दुसऱ्यांदा थोडी चरबी भरावी लागते, कुठं उरलंसुरलं असेल तर. पण तुम्हाला गरज दिसत नाही. आता यायचं कारण नाही.

"न्हाईच मॅडम," मन्मथप्पा म्हणाला. "लई बरं हाय."

मॅडम नीलाबाईकडं वळल्या. "तुम्ही सांगा. अजून कुठं दुखतं?"

"तिला इचारून काय उपेग?" तो हसत म्हणाला, आणि त्या हसण्यात केवढा अभिमान होता. "ती सोसणारी हाय. पोराच्या टायमाला वटीवर सगळी माणसं बसली होती, पर..."

"तुमी गप बसा," नीलाबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण मन्मथप्पाचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं. नीलाबाईनं पदर बाजूला केला, ब्लाउजच्या गळ्यात हात घातला आणि शिवदारा वर ओढला. गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातानं सोडली. पांढरं वस्त्र उलगडून तिनं टेबलावर, त्या चांदीच्या डबीशेजारी ठेवलं.

मन्मथप्पा कापसाकडं बघत राहिला. मग तिच्याकडं.

"लिंग घरी हाय, देवळीत, करंड्यात," ती म्हणाली. "हरवलं न्हाई. टाकलंबी न्हाई. रोज पूजा करते. पर गळ्यात न्हाई. पैल्या आपरेशनानंतर चार दिस होतं, मग मीच काडलं. तवापासून मी त्याच्याबिगर जेवते. सकाळी जेवते, रात्री जेवते. तुमाला काय म्हणायचं ते घरी म्हणा, स्वामींना सांगायचं तर सांगा, तुमच्या आक्काला सांगायचं तर सांगा." ती मॅडमकडं वळली आणि छातीच्या मधोमध, रेघ जिथं सुरू होते तिथं, स्वतःचं बोट ठेवलं. "मागल्या बारीला तुमी हितं दाबलं, मी न्हाई म्हणलं. खोटं बोलले. हितंच दुखतंय, मॅडम. लिंग टेकतं तिथं. दोन वरसं झाली, लई दुखतंय."